हेलकाव्यावर जगणारे पहारेकरी

यंदाच्या वैशाखांत आमच्या एकत्र कुटुंबाचा मुक्काम चार दिवस तारकर्लीस होता. मालवणच्या दक्षिणेस सुमारें दोन कोसांवर हें गांव आहे. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी, आणि दोहोंमध्यें सुरूंच्या व माडांच्या सावलींतली वाळूची चिंचोळी पट्टी, असा येथील भूगोल. नदी थेट समुद्रास न मिळतां किनाऱ्याच्या समांतर वाहत जाते व देवबागच्या टोकाशीं त्यास भेटते. भरतीला खारें पाणी नदींत शिरतें, ओहोटीला तें परततें; नांगरलेल्या होड्या दिवसभर डोलत असतात व त्यांचे दोर करकरत असतात. वाचकांपैकीं पुष्कळजण तेथें जाऊन आले असतील. म्हणून त्या शोभेचें वर्णन करण्यांत आम्ही त्यांचा वेळ घेत नाहीं. ह्या मुक्कामांत दोन लहानशा घरगुती गोष्टी घडल्या, आणि त्यांवरून निघालेलें बोलणें थेट चंद्र-मंगळापर्यंत जाऊन पोंचलें. तें येथें मांडण्याचा विचार आहे.

पहिली गोष्ट आमच्या पुतणीची. ती सातव्या इयत्तेंत आहे. गेल्या पौषांत पुण्यास असतांना तिनें प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केंसांवर घांसून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग सर्वांस करून दाखविला होता. तोच प्रयोग कोंकणांतल्या मामेभावंडांस दाखवावा म्हणून ती ओटीवर सारी मांडामांड करून बसली. कंगवा घांसून घांसून हात दुखूं लागले, पण एकहि कपटा जागचा हालला नाहीं. भावंडें हंसूं लागलीं तेव्हां तिचे डोळे भरून आले. आमच्या मातुःश्री शेजारींच माळ ओढीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, येथें तळलेला पापड घटकाभर बाहेर राहिला तर चिवट होतो, तुझ्या कंगव्याचें काय घेऊन बसलीस!" इतक्यांत स्वयंपाकघरांत वहिनींनीं चहासाठीं शेगडी पेटविली. लायटरचा 'टक्' असा आवाज झाला व जाळ लागला. पोरगी रडें विसरून विचारूं लागली, "दमट हवेनें माझी वीज मेली, तर आईच्या लायटरमधली कां मरत नाहीं?"

दुसरी गोष्ट त्याच संध्याकाळची. देवबागच्या संगमापर्यंत होडींतून जाऊन परततांना आम्हांस अंधार झाला. विजेरी बरोबर होती, परंतु तिचे सेल बदलण्याचें आम्हीच विसरलों होतों. दोन मिनिटें मिणमिणून ती विझली. होडींत मुलें, त्यांच्या आया आणि वृद्ध मातुःश्री. खालीं काळेंभोर पाणी. कोणी बोलेना. होडीवाले म्हातारे गृहस्थ मात्र लाटांच्या आवाजावरून किनाऱ्याचा अदमास घेत शांतपणें वल्हवीत राहिले व त्यांनीं आम्हांस सुखरूप आणिलें. उतरतांना ते इतकेंच म्हणाले, "सेल संपले काय ह्या नळकांड्याचो काय उपेग?"

तो शब्द आमच्या निष्काळजीपणास लागू होता व तो आम्हीं निमूटपणें ऐकून घेतला. तथापि अवकाशांत यंत्रें पाठविणारे शास्त्रज्ञहि आज ह्याच प्रश्नाशीं झगडत आहेत, आणि त्याचें एक उत्तर ते कंगव्यांत व लायटरमध्यें शोधीत आहेत, हें सांगितलें तर वाचकांस नवल वाटेल.

अवकाशांतली उपासमार

ज्यास सेन्सर म्हणतात त्यास आपण संवेदक म्हणूं. आपल्या त्वचेस जसें ऊन, थंडी, टोंचणें कळतें, तसें यंत्रास उष्णता, दाब, कंप, धक्का कळावा म्हणून त्याच्या अंगावर बसविलेले हे बारीक पहारेकरी होत. उपग्रहाच्या अंगावर असे संवेदक मोठ्या संख्येनें असतात. प्रत्येकास वीज हवी, विजेसाठीं तार हवी, आणि अवकाशांत न्यावयाच्या प्रत्येक तोळ्याची किंमत मोजावी लागते. शिवाय ही वीज येते बहुधा सूर्यापासून. आणि सूर्य सर्वत्र व सर्वकाळ भेटत नाहीं.

आपल्याच घरचें उदाहरण पाहा. 23 ऑगस्ट 2023 रोजीं चांद्रयान-3 चें 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूस अलगद उतरलें. घरोघरीं मुलेंमाणसें दूरदर्शन-संचापुढें हात जोडून बसलीं होतीं, तें कोण विसरेल? त्या यानावर चंद्राच्या भूमीचा कंप टिपणारें 'इल्सा' नांवाचें उपकरण होतें. परंतु चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारें चौदा दिवसांचा, आणि रात्रहि तितकीच लांब व भयंकर थंड. 4 सप्टेंबरला विक्रमास निजविण्यांत आलें. पुन्हां सूर्य उगवल्यावर 22 सप्टेंबरला त्यास जागें करण्याचा यत्न झाला. उत्तर आलें नाहीं. नेमून दिलेलें काम त्यानें पूर्ण केलें होतें, म्हणून ही मोहीम यशस्वीच म्हटली पाहिजे. परंतु भूमीचा कंप ऐकणारा तो कान एका दिवसानंतर बंद झाला हेंहि खरें.

अमेरिकनांचाहि अनुभव असाच आहे. 1969 सालीं अपोलो-11 च्या वीरांनीं चंद्रावर ठेविलेलें कंपमापक सूर्याच्या विजेवर चालणारें होतें. तें सुमारें तीन आठवडेच टिकलें. पुढच्या मोहिमांनीं प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारे वीजघट नेले, तेव्हां त्यांचीं उपकरणें 1977 पर्यंत चालूं राहिलीं. मंगळावर 2018 च्या नोव्हेंबरांत उतरलेल्या 'इनसाइट' यानानें 1,300 हून अधिक मंगळकंप नोंदविले. पण त्याच्या सौर पत्र्यांवर धुळीचा थर चढत गेला, वीज दिवसेंदिवस कमी होत गेली, आणि 2022 च्या डिसेंबरांत तें कायमचें मुकें झालें. कंप ऐकण्याची शक्ति त्यास अखेरपर्यंत होती. अन्न मात्र उरलें नव्हतें.

ह्यावर कोणीहि म्हणेल कीं, जो कंप हें उपकरण मोजतें, त्याच कंपावर त्याचें पोट भरतां आलें तर? होडी जशी लाटेवर डोलते, तसा संवेदक ज्या हालचालीची बातमी देतो तिच्याच बळावर जगला, तर तार नको, सेल नको, सूर्यहि नको. कल्पना मोहक आहे. ती कोठवर खरी आहे हेंच आतां पाहूं.

मनगटावरचा जुना दाखला

हालचालींतून शक्ति साठविण्याची युक्ति आपल्या वडीलमंडळींच्या मनगटावर पुष्कळ वर्षें होती. आपोआप किल्ली बसणारें घड्याळ तें हेंच. त्यांत अर्ध्या चकतीच्या आकाराचें एक वजन असतें. हात हालला कीं तें फिरतें व कमानीस पीळ बसतो. पृथ्वीवर त्या वजनास गुरुत्वाकर्षण खालीं ओढतें. मग वजनच नाहींसें होतें अशा अवकाशांत तें फिरेल काय? अशी शंका घेणारे थोडे नव्हते. 1973 च्या नोव्हेंबरांत विल्यम पोग हे अंतराळवीर 'स्कायलॅब' ह्या स्थानकावर 84 दिवसांच्या मुक्कामास गेले. जातांना त्यांनीं आपलें स्वतःचें आपोआप किल्ली बसणारें जपानी 'सायको' घड्याळ बरोबर नेलें. अधिकृत सामानाच्या यादींत तें नव्हतें. घड्याळ तेथें उत्तम चाललें. कारण वजन गेलें तरी जडत्व जात नाहीं: हात झटकन् वळला तरी चकती मागें राहूं पाहते, आणि त्या मागें राहण्यांतूनच किल्ली बसते. यांत्रिक हालचालीवर अवकाशांत जगणाऱ्या साधनाचा इतका घरगुती दाखला दुसरा क्वचितच मिळेल.

लायटरची वीज

आतां वहिनींच्या लायटरकडे वळूं. त्याची कळ दाबली कीं आंत एक लहान हातोडी कमानीच्या जोरानें एका विशिष्ट चिनीमातीसारख्या तुकड्यावर आपटते. कांहीं पदार्थांची अंतर्रचना अशी असते कीं, दाब बसतांच त्यांतील धन व ऋण विद्युद्भार जागचे सरकतात व दोन्ही तोंडांवर विरुद्ध भार प्रकट होतात. गारगोटी, तुरमली ह्यांसारख्या स्फटिकांचा हा गुण पिएर व झाक क्यूरी ह्या बंधूंनीं 1880 सालीं शोधून काढिला. ह्यांपैकीं पिएर हेच पुढें मादाम मेरी क्यूरींचे पति झाले. ह्यास दाबविद्युत् म्हणूं. लायटरमध्यें क्षणभर हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन ठिणगी उडते. ही वीज प्रत्येक ठोक्यास नवी जन्मते व त्याच क्षणीं खर्च होते. दमट हवेस ती चोरण्यास वेळच मिळत नाहीं. कंगव्याची वीज मात्र पृष्ठावर बसून राहते, आणि पृष्ठावर जमलेल्या बाष्पाच्या पातळ थरावरून गळून जाते. मातुःश्रींच्या पापडाचा दाखला अगदीं योग्य होता.

1969 सालीं जपानांत हेइजी कावाई ह्यांनीं एका प्लॅस्टिकांतहि हा गुण बळकटपणें आढळतो असें दाखविलें. त्याचें लांबलचक नांव पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड. स्फटिक ठिसूळ असतो. हें प्लॅस्टिक कागदासारखें वांकतें. ह्याच्या पातळ पापुद्र्यास एकदां विद्युत्-संस्कार दिला कीं तो कायम टिकतो. शिकागोचे प्रोफेसर जॉन सिंप्सन ह्यांनीं त्यापासून अवकाशांतील धूळ मोजणारा संवेदक बनविला. कण वेगानें येऊन पापुद्र्यावर आपटला, तेथें खळगा पडला, कीं तेवढ्या भागांतला विद्युद्भार मोकळा होऊन इशारा मिळतो. पापुद्र्यास आधींपासून बाहेरची वीज देऊन ठेवावी लागत नाहीं. 1986 च्या मार्चांत हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलेल्या सोव्हिएट 'व्हेगा' यानांवर असे संवेदक होते.

त्याहून हृद्य हकीकत प्लूटोकडे गेलेल्या 'न्यू होरायझन्स' यानाची. 19 जानेवारी 2006 रोजीं निघालेल्या ह्या यानावरचा धूळमापक कोलोरॅडो विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं बनविलेला आहे. अमेरिकेच्या ग्रहमोहिमेवर विद्यार्थ्यांच्या हातचें उपकरण जाण्याची ती पहिलीच वेळ. त्यास नांव दिलें आहे व्हेनेशिया बर्नी हिचें. 1930 सालीं नव्या ग्रहास 'प्लूटो' म्हणावें असें सुचविणारी ती अकरा वर्षांची इंग्लिश मुलगी. आमच्या पुतणीस ही गोष्ट फार आवडली. 2015 च्या जुलैंत यान प्लूटोजवळून गेलें, आणि विद्यार्थ्यांचे ते पापुद्रे त्यानंतरहि धूळ मोजीत राहिले. तेथें अपेक्षेपेक्षां अधिक धूळ आढळते, त्यावरून बर्फाळ खड्यांचा पट्टा समजुतीपेक्षां बराच दूरवर पसरला असावा, असें 2024 सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे विजेची फारशी अपेक्षा न ठेवणाऱ्या एका पापुद्र्यानें सूर्यमालेची वेस पुढें सरकविली म्हणावयाची.

येथें एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे, कारण ह्या विषयावरील उत्साही लेखनांत तो बहुधा गाळला जातो. संवेदकानें स्वतःचा इशारा स्वतः निर्माण करणें ही एक गोष्ट. आणि तो इशारा वाचणें, लिहून ठेवणें व दूर पाठविणें ह्यासाठीं लागणारी वीजहि स्वतःच मिळविणें ही दुसरी. धूळमापकाचा पापुद्रा पहिलें काम करतो. दुसरें काम यानावरच्या प्लुटोनियमच्या वीजघटावरच चालतें. हांक मारणारा मुलगा आणि पत्र लिहून टपालांत टाकणारा मुलगा ह्यांत जितकें अंतर, तितकें ह्या दोहोंत आहे. खरा स्वयंपूर्ण संवेदक तो, जो दोन्ही करील.

अगदीं थोडक्यांतला संसार

तो होऊं शकेल काय? उत्तर घरखर्चाच्या वहींत सांपडतें. यंत्राच्या कंपावर बसविलेलें लहानसें साधन साधारणपणें मायक्रोवॉटांत, फार तर मिलिवॉटांत वीज देतें. समजा, सतत 100 मायक्रोवॉट मिळाले. दिवसाच्या 86,400 सेकंदांत ही मिळकत 8.64 ज्यूल होईल. आपल्या खोलींतला 9 वॉटचा एलईडी दिवा तेवढ्या विजेवर एक सेकंदहि पुरता जळणार नाहीं! येथवर ऐकून आमचे थोरले बंधु हंसून म्हणाले, "चोवीस तास राबून एक सेकंदाचा उजेड? ह्याला का शोध म्हणावयाचें?"

त्यांची शंका रास्त होती. पण खर्चाची बाजू पाहा. हल्लींचा संवेदक बहुतेक वेळ निजलेला असतो व त्या वेळीं त्याचा खर्च नांवापुरताच असतो. जागा होऊन त्यानें एक छोटा संदेश पाठविला, त्यास 50 मिलिवॉट वीज 10 मिलिसेकंद लागली, असें धरल्यास खर्च झाला अर्धा मिलिज्यूल. मिळकतींतील निम्मी साठवणुकींत व गळतींत गेली असें मानलें, तरी उरलेल्या 4.32 ज्यूलमध्यें दिवसाला 8,640 संदेश निघतात. म्हणजे दर दहा सेकंदांस एक. उजेडासाठीं जी मिळकत हास्यास्पद, ती बातमी देण्यासाठीं विपुल आहे. हालचालींतून वीज काढण्याची कल्पना जुनीच. ती आज उपयोगाची झाली ती मुख्यतः खर्च कमी झाल्यामुळें. आमच्या बंधूंनीं हिशेब कागदावर पुन्हां करून पाहिला व कागद घडी करून खिशांत ठेविला, हीच त्यांची संमति.

मग हालचाल कोठून आणावयाची? चंद्राच्या भूमीचा मंद कंप ह्या कामीं पुरणारा नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. इल्सासारख्या उपकरणास त्याच्यावर पोसतां येणार नाहीं. परंतु यानाच्या पोटांतच हालचाल पुष्कळ असते. यानाचें तोंड वळविणारीं चक्रें गरगरत असतात, उपकरणें थंड ठेवणारे पंप धडधडत असतात, गाडीचीं चाकें दगडांवरून खडखडत जातात. उन्हांतून सावलींत जातांना पत्रे आकुंचन पावून थरथरतात. हबल दुर्बिणीचे पहिले सौर पत्रे दर प्रदक्षिणेंत दोन वेळां, उजेड-अंधाराच्या सीमेवर, असे थरथरत कीं दुर्बिणीचा नेम हाले. 1993 च्या डिसेंबरांत ते बदलावे लागले. आजवर हा कंप केवळ शत्रु मानला जाई. तो आवरावा हें खरेंच. पण जो आवरल्यावरहि उरतो त्यावर जवळचाच पहारेकरी पोसला, तर एक तार व एक सेल वाचला. चक्राचा धारवा झिजूं लागला, कीं त्याचा कंप वाढतो. म्हणजे बातमी महत्त्वाची होते तेव्हांच पहारेकऱ्यास जास्त खावयास मिळतें. ही सोय सूर्याच्या विजेंत नाहीं.

कंगव्याचा पुनर्जन्म

आतां पुतणीच्या कंगव्याकडे येऊं. दोन निराळे पदार्थ एकमेकांस टेकले कीं एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. दूर केले कीं दोन्ही भारित राहतात. घांसल्यानें पदार्थ असे भारित होतात हा अनुभव फार प्राचीन आहे. 2012 सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया टेक संस्थेंत झोंग लिन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या घर्षणविजेचें पातळ, लवचिक जनित्र तयार केलें. दोन पापुद्रे टेकतात, सुटतात, आणि प्रत्येक वेळीं त्यांच्या पाठीमागच्या धातूंतून विजेचा एक झोत इकडून तिकडे वाहतो. चालणें, टाळी, वारा, लाट, कोणतीहि हालचाल त्यास चालते.

ह्या जनित्राचे वैरी दोन. एक दमटपणा, ज्यानें तारकर्लीच्या ओटीवर आमच्या पुतणीस रडविलें. दुसरी खुद्द हवा: पृष्ठावर भार फार सांचला कीं मधली हवा फुटून ठिणगी पडते व कमाई वायां जाते. अवकाशाच्या पोकळींत बाष्प नाहीं व हवाहि नाहीं. 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हवा जवळजवळ पूर्ण काढलेल्या पात्रांत, ह्या पापुद्र्यांवर हवेंतल्यापेक्षां कित्येक पट भार टिकला. कोंकणच्या वैशाखांत जी वीज क्षणभर जगत नाहीं, तिला पोकळी मानवते. आमच्या पुतणीचा चेहरा हें ऐकून जो उजळला, तो आम्हांस ह्या लेखाचा खरा आरंभ वाटतो.

भरंवसा किती धरावा?

परंतु पोकळी जशी मित्र तशी कपटीहि आहे. तेथें वंगण टिकत नाहीं. घांसणारे भाग एकमेकांस चिकटून बसतात. गुरूकडे निघालेल्या 'गॅलिलिओ' यानाची मोठी छत्रीसारखी आकाशक (अँटेना) 1991 च्या एप्रिलांत उघडूं गेले, तों तिच्या कांहीं काड्या अडकून बसल्या. ती कधींच उघडली नाहीं व सारें काम लहान आकाशकेवर निभवावें लागलें. मग वर्षांनुवर्षें घांसत राहणाऱ्या पापुद्र्यांचें काय? शिवाय अतिनील किरण प्लॅस्टिकास ठिसूळ करतात, थंडींत तें ताठरतें, आणि चंद्राची बोंचरी धूळ प्रत्येक फटींत शिरते. म्हणून घर्षणविजेचे अवकाशोपयोगी संवेदक आज बहुतांशीं प्रयोगशाळेंतच आहेत.

ह्या अडचणींवरचा एक यत्न आपल्या देशांतला आहे. 2021 च्या जुलैंत कोलकात्याच्या आयसर संस्थेंतील व खरगपूरच्या आयआयटींतील संशोधकांनीं असे दाबविद्युत् स्फटिक जाहीर केले, कीं जे मोडले असतां आपले आपणच सांधतात. मोडलेल्या तोंडांवर परस्परविरुद्ध भार प्रकट होतात, त्यांच्या ओढीनें तुकडे मिलिसेकंदांत पुन्हां जुळतात. जेथें दुरुस्तीस माणूस पोंचत नाहीं तेथें ह्याचें मोल काय, हें सांगावयास नको. आमच्या पुण्यांतहि आयसर संस्थेंत असे पदार्थ मऊ प्लॅस्टिकांत मिसळून हालचालीवर वीज देणाऱ्या पट्ट्या बनविण्याचें संशोधन झालें आहे.

आणि जेथें विजेचीच डाळ शिजत नाहीं तेथें? शुक्राच्या भूमीवर 460 अंशांहून अधिक उष्णता व आपल्या नव्वदपटींहून अधिक हवेचा दाब आहे. 1 मार्च 1982 रोजीं उतरलेलें सोव्हिएट 'व्हेनेरा-13' तेथें 127 मिनिटें तगलें, तोच विक्रम समजतात. अमेरिकेच्या अवकाशसंस्थेंतील अभियंत्यांनीं म्हणून शुक्रासाठीं वाऱ्यावर चालणाऱ्या, घड्याळासारख्या कमानीदार गाडीची कल्पना मांडली. वारा तेथें संथ आहे, पण हवा इतकी दाट कीं तो पाण्याच्या ओघासारखा रेटतो. गाडीस पुढचा खडक कळावा कसा, तेंहि विजेवांचून, ह्यासाठीं 2020 सालीं साऱ्या जगास खुली स्पर्धा लाविली, व पहिलें बक्षीस कैरोच्या एका गृहस्थांस मिळालें. अंधाऱ्या पाण्यांत लाटांच्या कानोशावर होडी आणणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या नावाड्याची आठवण ह्या ठिकाणीं झाल्यावांचून कशी राहील?

पुन्हां किनाऱ्यावर

दुसऱ्या दिवशीं ते गृहस्थ पैसे घेण्यास आले, तेव्हां आम्हीं त्यांस ही सारी हकीकत सांगितली. त्यांस चंद्रापेक्षां समुद्राची पर्वा अधिक, आणि तें स्वाभाविकच. ते म्हणाले, "ह्या दर्यार चलात काय?" चालतें, आणि आधीं चाललें समुद्रावरच. जपानचे योशिओ मासुदा ह्यांनीं लाटेच्या चढउतारानें हवा ढकलून तिच्यावर दिवा लावणारे बोये तयार केले. 1965 पासून ते नौकांस मार्ग दाखवूं लागले. आपल्याकडे केरळांत विळिंजम येथें मद्रासच्या आयआयटीनें लाटांवरचें 150 किलोवॉटचें केंद्र उभारलें होतें. तें 1991 सालीं सुरू झालें. मोठ्या विजेचा तो मार्ग खर्चामुळें पुढें फारसा रुळला नाहीं. पण लहान पहाऱ्यासाठीं लाट आजहि पुरेशी आहे.

ह्याचें महत्त्व किनाऱ्यावरील लोकांस पटवून द्यावें लागत नाहीं. 30 ऑगस्ट 2024 रोजीं पालघर येथें मासेमारी नौकांवर एक लाख संदेशयंत्रें बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. आपल्या अवकाशसंस्थेनें घडविलेलें हें यंत्र उपग्रहामार्फत वादळाची सूचना आणतें व संकटाची हांक पोंचवितें. पण यंत्र कोणतेंहि असो, विजेवांचून तें मुकें. नौकेच्या हेलकाव्यावरच ज्याची निदान शेवटची हांक तरी निघेल, असें साधन झालें, तर जो तुफान नौकेस झोडपतो तोच तिची हांकहि पोंचवील. अवकाशासाठीं केलेल्या काटकसरीचें फळ अखेर घरींच मिळतें तें असें. "तेवढां झाला तर बरां," इतकेंच बोलून म्हातारबुवा उठले.

निघण्याच्या दिवशीं दुपारीं मातुःश्रींच्या सल्ल्यानें पुतणीनें कंगवा, लोकरीचा तुकडा व कागदाचे कपटे कडक उन्हांत तापलेल्या पत्र्यावर शेकून घेतले, आणि ते गरम आहेत तोंच प्रयोग केला. एक कपटा उडून कंगव्यास चिकटला, क्षणभर राहिला व गळून पडला. मामेभावंडांनीं टाळ्या पिटल्या. आम्हीं मात्र मालवणच्या बाजारांतून विजेरीचे नवे सेल आणिले, आणि चार जास्तीचे घेऊन पिशवींत ठेविले.